दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का? (मुलगा साडेपाच वर्षांचा, स्वमग्न)

पिंपळे_बाबा

बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मुलगा साडेपाच वर्षांचा. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या हालचाली-सवयींचं प्रशिक्षण) आणि स्पीच थेरपी तेव्हापासून चालू आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, टीव्हीवरच्या जाहिराती शब्दशः म्हणून दाखवतो, सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचा नंबर त्याला पाठ आहे. पण "तुझं नाव काय?" विचारलं की उत्तर येतं, "तुझं नाव काय?". येत्या जूनला पहिलीत जाईल.

बायकोचं म्हणणं, आता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि प्रमाणपत्र काढून टाकू. डॉक्टरही तेच म्हणतात. मी अडून बसलोय. थेरपीला माझा विरोध नाही, पगारातला मोठा हिस्सा तिकडं जातो आणि त्याबद्दल कुरकुरही नाही. पण सरकारी कागदावर पोराच्या नावापुढं दिव्यांगत्वाचे टक्के लिहून आले की ते कायमचं. उद्या बोलायला लागला, वर्गातल्या इतरांसारखा शिकायला लागला, तरी हा कागद पाठ सोडेल का? शाळा, नोकरी, लग्न... साडेपाच वर्षांच्या पोराच्या लग्नाचा विचार करतोय म्हणून हसू नका. कराडला आई असते, तिला अजून आजाराचं नावही सांगितलेलं नाही. तिचं एकच पालुपद, "तूसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हतास."

ज्यांनी काढलं आणि ज्यांनी मुद्दाम काढलं नाही, दोघांचेही अनुभव हवेत. नुसतं "स्वीकार करा" लिहिणार असाल तर ते घरी रोज ऐकतो.

केतकी_नाशिक

काढा. आम्ही मुलगी सहा वर्षांची असताना काढलं. आकाश कोसळलं नाही.

टवाळ_टोणगा

"तूसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हतास" हे वाक्य आज्यांना बहुतेक रुखवतातच मिळतं. माझ्याबद्दलही बोललं जातं. माझी बायको म्हणते, तसाच राहिला असता तर बरं झालं असतं.

हलके घ्या. बाकी थेरपी सगळी करायची आणि कागद मात्र नको, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं.

हिशेबनीस

भावनेचं तुम्ही बघा, मी पैशाचं सांगतो. आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं ८० डीडी कलम) अवलंबून असलेल्या व्यक्तीला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर पालकाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च प्रत्यक्षात किती झाला त्याच्याशी या रकमेचा संबंध नाही, ती सरसकट मिळते. ऑटिझमसाठी फॉर्म वेगळा लागतो. मात्र हे सगळं जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेलात तर ही वजावट विसरा.

त्याशिवाय नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्यविमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपीचा खर्चही त्यात बसतो. खासगी विमा कंपन्या थेरपी म्हटलं की कशा तोंड फिरवतात ते तुम्ही अनुभवलंच असेल. पण प्रमाणपत्राशिवाय तिथं दारही उघडत नाही.

अबोली_न

मी दुसरी बाजू लिहिते. मुलगी नऊ वर्षांची आहे. प्रमाणपत्र लवकर काढलं आणि ज्युनिअर केजीच्या अर्जाला प्रामाणिकपणे जोडलं. त्याआधी मुलाखतीत मुलगी आवडली होती, फी किती, गणवेश कुठून घ्यायचा इथपर्यंत गाडी गेली होती. कागद पाहिल्यावर बाईंचा सूरच पालटला. "तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच सांगतो, तिला न्याय देता येणार नाही." न्याय! आम्ही प्रवेश मागत होतो.

आता जिथं आहे तिथं आधी मुलीला नेलं. मुख्याध्यापकांशी बोललो, वर्गात बसू द्या म्हणून विनवलं. तिथल्या बाईंना ती कळली, आणि मग पिशवीतून कागद काढला. तेव्हा माझं मत असं, की काढा, पण कुठं दाखवायचा ते तुमच्या हातात ठेवा. अर्जाला टाचून देऊ नका.

वकिली_चष्मा

@अबोली_न, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायला हवा. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोंडी नकार ऐकून परतू नका, लेखी मागा. लेखी मागितल्यावर निम्म्या शाळांना अचानक जागा सापडते.

अबोली_न

मागितला होता लेखी. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आणि खरं सांगू, भांडून मिळवलेल्या वर्गात माझ्या पोरीला रोज सहा तास बसायचं होतं, मला नाही.

सई_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ऑटिझम असलेल्या मुलांसोबतच काम करते. धागाकर्त्यांच्या डोक्यातली एक गाठ सोडवायचा प्रयत्न करते.

ते टक्के हवेतून येत नाहीत. आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजरेला नजर देणं, पाळी पाळून खेळणं, तेच तेच शब्द उच्चारणं, आवाज किंवा स्पर्श सहन न होणं असे ते मुद्दे. एकूण ७० गुणांपासून ऑटिझम धरतात आणि गुणांवरून टक्के ठरतात. म्हणजे ती त्या दिवशीच्या वागण्याची नोंद आहे, मुलाच्या बुद्धीचं किंवा भविष्याचं माप नाही. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढं पुन्हा तपासणी होते. मूल बदललं तर आकडाही बदलतो.

दुसरं, नऊ वर्षांनी दहावी आहे. बोर्डाच्या सवलती, म्हणजे दर तासाला २० मिनिटं जास्त, लेखनिक, भाषेच्या विषयातली सूट, या वेळी जे पालक ऐनवेळी धावतात त्यांची दमछाक मी बघते.

पण बाबा, तुम्ही "उद्या तो बाकीच्यांसारखा झाला तर" असं लिहिलंय तिथं मी थोडी अडखळले. तो बोलेल, शिकेल, पुष्कळ पुढं जाईल, अशी मुलं मी रोज बघते. तरी तो ऑटिस्टिक असेलच. त्यातून बाहेर पडण्याची तारीख डोक्यात धरून थेरपीला येणारे पालक फार थकतात, आणि तो थकवा मुलापर्यंत पोचतो.

पिंपळे_बाबा

@सई_ओटी, मुदतीचं असतं हे खरंच माहीत नव्हतं. शेवटच्या परिच्छेदावर आत्ता काही लिहीत नाही.

@टवाळ_टोणगा, भांडं लपवतोय हे मान्य. पण भांडं माझं नाही, त्याचं आहे. म्हणूनच विचारतोय.

खडूस_आत्या

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हल्ली आईबाप दोघं नोकरीला, पोराच्या हातात मोबाईल. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.

मृण्मयी_जर्सी

आत्या, तुमच्या वेळीही होतं. "वेडसर" म्हणून माजघरात बसवून ठेवायचे आणि लग्नकार्यात कुणासमोर आणायचे नाहीत.

आईला बोल लावण्याची ही हौस जुनी आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम मांडला, आणि पुढं मुलं आयांच्या थंड वागण्यानं अशी होतात ही कल्पना बोकाळली. "रेफ्रिजरेटर मदर" म्हणायचे. ब्रुनो बेटलहाइमनं ती घरोघर पोचवली. ती खोडून काढली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, १९६४ मध्ये. हा माणूस स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप. बाप चिडला की असंही करू शकतो. तेव्हा फ्रीज होता, आता मोबाईल आहे.

जाता जाता इकडचं सांगते. न्यू जर्सीत निदान झालं की शाळेकडूनच थेरपी मिळते, दरवर्षी बैठक घेऊन मुलाची लेखी योजना ठरते. त्यामुळं निदानाचा कागद म्हणजे इथं तिकीट. तरी सांगते, पहिल्या बैठकीत नवऱ्यानं सही करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. इथं कुणी ओळखीचं बघणारं नव्हतं, आजी नव्हती, सोसायटी नव्हती. तरीही.

खडूस_आत्या

बरं बाई. माझ्या बोलण्याचा हेतू तसा नव्हता.

आरोग्यदूत_७७

प्रमाणपत्राच्या भानगडीत पडण्याआधी स्टेम सेलचा विचार करा. माझ्या मित्राच्या मुलाला खूप फरक पडला. गहू आणि दूध बंद करा, तेही काम करतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.

सई_ओटी

व्यनि करू नका!

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हा उपचार म्हणून मान्य नाही, त्यात ऑटिझम बसत नाही. लाखो रुपये घेतात, मुलाला भूल देतात, मणक्यात सुई घालतात. पोटाची तक्रार किंवा ॲलर्जी असेल तर गहू-दूध बंद करण्याचं डॉक्टर ठरवतील. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेतले तर काय उरतं?

टवाळ_टोणगा

@आरोग्यदूत_७७, मित्राच्या मुलाला पडलेला फरक मित्राच्या खिशाला जास्त जाणवला असेल.

डोंबिवलीची_काकू

उशिरा लिहितेय. मुलगा २६ वर्षांचा आहे. धागाकर्ते माझ्या भाच्याच्या वयाचे असतील म्हणून अरे-तुरे करते.

अरे, आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण ऑटिझमचं प्रमाणपत्र मिळतच नव्हतं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात हा नव्हता. मग डॉक्टर म्हणायचे "मतिमंद लिहून देतो, चालेल ना?" आम्ही चालवून घेतलं. ज्याला रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, त्याला तो कागद. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, तेव्हा नव्यानं काढलं. म्हणजे तू ज्याला घाबरतोयस तो बरोबर शब्द लिहिलेला कागद मिळावा म्हणून पालकांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले आहेत.

यजमानांचं सांगते. ते याविषयी कधीच बोलले नाहीत. सभेला नाही, पालकांच्या गटाला नाही. मी मनात म्हणायची, याला दगडच म्हणावं. मुलाला दाढी-मिशा फुटल्या आणि प्रश्न आला, की दाढी करायची कशी? फेस गालाला लागला की ओरडायचा, ट्रिमरच्या आवाजानं पळायचा. मी न्हाव्याला घरी बोलवू म्हणत होते. यांनी काय केलं, बंद ट्रिमर रोज स्वतःच्या गालावरून फिरवायचा, मग त्याच्या. नुसताच बंद. मग चालू करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, दार लावून. मग दार किलकिलं. किती काळ चाललं देव जाणे. आज पोरगा स्वतः दाढी करतो, हनुवटीखाली थोडे केस सुटतात. ते हे पुसून पाहतात आणि "जमलं" म्हणतात. आता यांनी स्वीकारलं होतं की नव्हतं, कधी स्वीकारलं, मला विचारशील तर सांगता येणार नाही.

कागदाचं खरं काम १८ व्या वर्षी कळतं. त्या दिवशी तो कायद्यानं सज्ञान होतो आणि तुझी सही त्याच्यासाठी चालेनाशी होते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. तिथं पहिली मागणी प्रमाणपत्राची. बँकेतही तेच. आणि "आमच्यानंतर कोण?" हा प्रश्न तर झोपू देत नाही. आमच्या इकडं अमेय पालक संघटनेनं खोणीला 'घरकुल' हे अशा मुलांसाठीचं निवासस्थान उभं केलं, तेही पालकांनीच. तू आज लग्नाची काळजी करतोयस, मी त्याला दुपारच्या जेवणाला हाक कोण मारेल याची करते.

केतकी_नाशिक

काकू __/\__

सह्याद्रीचा_बाप

काकूंचा प्रतिसाद सुंदर. पण एकंदर धाग्याचा सूर "बाप अडतो, आई समजूतदार" असा होतोय त्याला आक्षेप नोंदवतो. आमच्या घरी उलटं आहे. मी निदानाच्या दिवशीच मोकळा झालो. बायको अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकत नाही. तिचं दुःख खोटं नाही. नऊ महिने तिनं काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, सगळं तिला विचारलं गेलं. मला कुणीच काही विचारलं नाही, म्हणून मला सोपं गेलं.

केंद्र_कर्मचारी

+१. नोकरीतल्यांसाठी एक भर. केंद्र सरकारी कर्मचारी दिव्यांग मुलाचा मुख्य सांभाळकर्ता असेल तर नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, २०१४ पासून तसा आदेश आहे. माझी बदली नागपूरहून होणार होती. थेरपिस्ट, शाळा, शेजारी, सगळं नव्यानं मांडावं लागलं असतं. एका कागदावर भागलं.

मडगांवकार

गोंयांत दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांना दरमहा पैसे मिळतात, त्यालाही प्रमाणपत्र लागतं. आणि जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा लेकाला घेऊन गेलो होतो. तिथं तो कान झाकून जमिनीवर बसला आणि कुणीही वळून बघितलं नाही. आम्हां नवराबायकोला काय करावं तेच सुचेना, इतकी सवय नव्हती.

मूक_वाचक_पुणे

मी २७ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मला स्वतःला ऑटिझम आहे, निदान २३ व्या वर्षी झालं.

पूर्ण धागा वाचला. पालक काय गमावतात यावर पुष्कळ लिहिलंय. मी घरातच बसून हे ऐकत मोठा झालो, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. "हट्टी", "शिष्ट", "माणूसघाणा" ही माझी प्रमाणपत्रं. ती काढायला रुग्णालयात जावं लागलं नाही आणि त्यांना मुदतही नव्हती. कॉलेजात गोंगाटाच्या हॉलमध्ये पेपर लिहिताना वेगळी खोली मागायला माझ्याकडं काही कागद नव्हता. दोन विषय गेले.

धागाकर्त्यांचा मुद्दा एका बाबतीत मला पटतो. कागद मुलाचा आहे. म्हणून काढा, पण तो दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला सांगा की असा कागद आहे आणि का आहे. मला कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःला मूर्ख समजण्यात शाळेची वर्षं घालवली नसती. आणि गाड्यांचे नंबर पाठ असणं छान आहे. मला पिनकोड आहेत.

टवाळ_टोणगा

४१५११० कुठला?

मूक_वाचक_पुणे

कराड. धाग्यात कराड आहे म्हणून निवडलात ना?

टवाळ_टोणगा

साष्टांग. आता गप्प बसतो.

पिंपळे_बाबा

सगळं वाचलं, काकूंचं बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ट्रिमर आत्ताच आणून ठेवू या."

काढायचं ठरलंय असं नाही. पण यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून ठेवतोय, तो भरला म्हणून काढलाच पाहिजे असं थोडंच आहे. अडलोय फोटोवर. पठ्ठ्या कॅमेऱ्याकडं बघतच नाही. मोबाईल उचलला की डोळे मिटून घेतो. आणि रुग्णालयात त्या दिवशी किती वेळ लागतो? रांगेत तो टिकणार नाही.

केतकी_नाशिक

फोटो स्टुडिओत काढू नका, फ्लॅशनं बिथरतात. घरी दिवसाउजेडी, पांढऱ्या भिंतीसमोर. आम्ही व्हिडिओ काढला आणि त्यातली एक फ्रेम उचलली. जरा हललेली दिसते, पण चालली.

रुग्णालयात दिव्यांग मंडळाचे वार ठरलेले असतात, आधी फोन करून विचारा. मुलाला घेऊन रांगेत उभं राहू नका. एकानं नंबर लावायचा, दुसऱ्यानं मुलाला बाहेर झाडाखाली फिरवायचं, नंबर जवळ आला की फोन. म्हणजे तिसरं माणूस असेल तर उत्तम. थेरपीचे जुने रिपोर्ट, निदानाचा कागद, दोघांचं आधार, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. आमच्या वेळी आवारातलं झेरॉक्सचं मशीन बंद होतं आणि साहेबांना तेव्हाच तिसरी प्रत हवी होती.

पिंपळे_बाबा

तिसरं माणूस म्हणजे आईला कराडहून बोलवावं लागेल.

डोंबिवलीची_काकू

मग बोलव. येताना तिला सांग कशासाठी ते. रुग्णालयात पाटी वाचून कळण्यापेक्षा बरं.

शुभांगी_चिंचवड

माझाही प्रश्न इथंच विचारते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलांना उत्पन्नाचा दाखला लागतो का? मुलीला कमी ऐकू येतं.

वकिली_चष्मा

नाही. दिव्यांग बालकं वंचित घटकात येतात, उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेलं प्रमाणपत्र मात्र लागेल. ऐकण्याबद्दल वेगळा धागा काढा, बेरा (ऐकण्याची तपासणी) चाचणी आणि श्रवणयंत्रांवर लिहिणारे बरेच जण आहेत इथं.